पाचव्या सरांची वर्गणी

आमच्या शाळेत शिक्षकांची पाच पदं मंजूर आहेत आणि आम्ही चौघं आहोत. मुख्याध्यापक तातेराव सर, वंदना मॅडम, निखिल सर आणि मी, शरयू. पाचवं पद सहा वर्षांपासून रिकामं आहे. माहिती मागवणारे कागद मात्र पाच माणसांच्या मापानं येतात, कधीकधी सात माणसांच्या. म्हणून निखिल सरांनी मोबाइलवरचा तो एआय असिस्टंट शाळेत आणला, तेव्हा आठवड्याभरातच त्याचं नाव पडलं, पाचवे सर. पत्र पाहिजे? पाचव्या सरांना सांगा. अहवाल पाहिजे? पाचव्या सरांना सांगा. आम्ही हसायचो, पण कामं व्हायची.

फुकटातले पाचवे सर दुपारी बाराच्या सुमाराला थकायचे. चार पत्रं आणि एक तक्ता झाला की ‘आजची मर्यादा संपली, साडेतीननंतर पुन्हा या’ अशी पाटी लागायची. साडेतीनला आम्हीच थकलेलो असायचो. शिवाय काल सांगितलेलं त्यांना आज आठवत नसे. शाळेचं नाव, केंद्राचं नाव, पट किती, खोल्या किती, रोज पहिल्यापासून सांगा.

निखिल सर म्हणाले, पैसे भरून घेतला तर लवकर थकत नाही आणि सगळं लक्षातही ठेवतो. वंदना मॅडम म्हणाल्या, फुकट मिळतंय त्याला पैसे कशाला. दोन दिवस चहाच्या वेळी हाच विषय. शेवटी तातेराव सरांनी त्यांचा नेहमीचा तोडगा काढला, तो म्हणजे वर्गणी. आमच्याकडे पाण्याचा जार, चहाचा गॅस, पंधरा ऑगस्टची जिलेबी, सगळं वर्गणीवर चालतं, मग पाचव्या सरांनी काय घोडं मारलंय. एकच खातं काढायचं, चौघांच्या मोबाइलवर चालवायचं.

मी पहिल्या दिवशी ठाम नाही म्हटलं होतं. माणसं उगाच उत्साहात आली की मला वैताग येतो. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी मीच पैसे काढून टेबलावर ठेवले. वंदना मॅडम बघतच राहिल्या. कारण मी कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच.

कारण घरी होतं. गजानन, म्हणजे आमचे हे, आम्ही राहतो त्या परतूरलाच एका ऑफिसात आवक-जावक सांभाळतात. आलेला कागद वहीत चढवायचा, नंबर टाकायचा, ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचा. सत्तावीस वर्षं हेच काम. चार वर्षांपूर्वीच्या कागदाचा नंबर तोंडपाठ सांगायचे, साहेब लोक पैजा लावायचे. तेच आता विसरायला लागले. आधी चष्मा आणि किल्ल्या, त्याचं काही वाटलं नाही. मग एकदा दूध आणायला गेले आणि घर सापडेना म्हणून मोंढ्यापाशी, धान्यबाजारात, उभे राहिले. जालन्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढतच जाणार हेही सांगितलं.

तेव्हा नोकरी चौदा महिने राहिली होती. चौदा महिने कसेबसे काढायचे, हार घालून, नारळ घेऊन मानानं बाहेर पडायचं, एवढंच मी ठरवलं होतं. ऑफिसात कळलं असतं तर आधी लोक हसले असते, मग कीव केली असती, मग फाइल तयार झाली असती. ज्याची आठवण वाखाणली जायची त्याची अशी फाइल व्हावी हे मला सहन होणारं नव्हतं. पुण्याला असलेल्या लेकीला, यशश्रीला, मी अर्धंच सांगितलं होतं. बाकी कुणालाच नाही.

यांचं चिठ्ठीवर भागायचं. सकाळी शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठेवायची आणि तिच्यात दिवस लिहायचा. आज कोणता वार, डबा कुठे, गोळी कधी, परत कोणत्या रस्त्यानं यायचं. चिठ्ठी माझ्या अक्षरात असली की ते निमूटपणे तसं वागायचे. पण रोज सुचायचं कुठून? स्वयंपाक, डबे, एसटी, सहा तास पोरं, पुन्हा एसटी. मी फुकटातल्या पाचव्या सरांना विचारून बघितलं आणि त्यांनी फार नीट चिठ्ठी करून दिली. एका ओळीत एकच गोष्ट, आधी वेळ, मग काम. मी ती माझ्या अक्षरात उतरवून घेतली. फक्त दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवेना. माझ्या नवऱ्याचं नाव गजानन, वय सत्तावन्न, त्यांना विसरण्याचा आजार आहे, इथून पुन्हा सुरुवात. घरी एक विसरणारा होता. शाळेत दुसऱ्या विसरणाऱ्याला रोज पहिल्यापासून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हणून मी वर्गणी दिली.

गणपतीनंतर पैसेवाले पाचवे सर आले आणि मला खरंच हलकं वाटलं. एकदा सगळं सांगून टाकलं. पुढे नुसतं ‘उद्याची चिठ्ठी’ एवढं लिहिलं की काम व्हायचं. मधल्या सुट्टीत पोरांची खिचडी वाढून झाली की मी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून चिठ्ठी मागून घ्यायची आणि एसटीत बसल्यावर डायरीच्या पानावर उतरवायची. हळूहळू मी चिठ्ठीशिवायही बोलायला लागले. हे आज दोनदा विचारत होते, आई कधी येणार म्हणून, आणि सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, असलं काहीबाही. एकदा लिहिलं, कधीकधी वाटतं मलाच सगळं विसरायला मिळावं. पाचव्या सरांनी शहाण्यासारखं उत्तर दिलं. उत्तराचं मला काही नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं नाही, एवढंच पुरे होतं.

एक इशारा मिळाला होता. वंदना मॅडमनी गुडघ्यांचे व्यायाम विचारले तर पाचव्या सरांनी लिहिलं, घरी आजारी माणसाचं करताना तुम्ही स्वतःच्या गुडघ्यांकडेही लक्ष द्या, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. निवृत्ती तातेराव सरांची. वंदना मॅडमची अजून पंधरा वर्षं आहेत आणि घरी सगळे ठणठणीत. सगळे हसलो. निखिल सर म्हणाले, गडबडतो तो कधी कधी. मीही हसले. आजारी माणूस कुणाचा, हे माझ्या मनात आलं होतं. पण तो विचार तसाच पुढे नेला असता तर पुन्हा एकटं पडावं लागलं असतं, म्हणून मी तो नेला नाही.

जानेवारीत निखिल सर प्रशिक्षणाला जालन्याला गेले होते. वरून फोन आला, शौचालय दुरुस्तीचं मागचं पत्र पुन्हा पाठवा, आत्ता. ते पत्र तातेराव सरांनी पाचव्या सरांकडून लिहून घेतलेलं, आणि त्यांच्या मोबाइलची बॅटरी उतरलेली. ते म्हणाले, मॅडम, तुमच्या मोबाइलात बघा. मी म्हटलं, तुमचं पत्र माझ्या मोबाइलात कसं असेल.

"खातं एकच हाय ना," सर म्हणाले. "वरच्या कोपऱ्यात तीन रेघा हायेत बघा. त्या दाबा."

त्या तीन रेघा मी चार महिन्यांत कधी दाबल्या नव्हत्या. उघडलं की कोरं पान समोर यायचं, त्यावर लिहायचं, एवढंच मला ठाऊक. मोबाइल माझा, म्हणजे आतलंही माझंच, असं मी धरून चालले होते. रेघा दाबल्या आणि यादी उघडली. शौचालय दुरुस्ती पत्र. गुडघेदुखीचे व्यायाम. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज. गजाननरावांची चिठ्ठी, सोमवार. गजाननरावांची चिठ्ठी, मंगळवार. नवऱ्याचा विसर आणि माझा थकवा. गजाननरावांची चिठ्ठी, बुधवार. खाली सरकवत गेले तर संपेचना.

मी मान वर केली. तातेराव सर खिडकीतून मैदानाकडे बघत होते. मैदानात बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुम्ही वाचलंय," मी म्हणाले.

"वाचलं, मॅडम. दिवाळीच्या आधी. माझं पत्र हुडकत व्हतो, त्यात तुमचं उघडलं. एक वाचलं आन् मंग बाकीचे बी वाचले. खोटं कशाला बोलू."

"कुणाला सांगितलं?"

"रामकिसनला."

रामकिसन म्हणजे सरांचे साडू आणि यांच्याच ऑफिसातले शिपाई. आवक-जावकच्या टेबलाशेजारी त्यांचं स्टूल असतं. ज्या एका दारातून बातमी जाऊ नये म्हणून मी इतके महिने जीव काढला, नेमक्या त्याच दारात सरांनी ती नेऊन ठेवली होती. मी सरांना नाही नाही ते बोलले. मुख्याध्यापक आहेत, वयानं मोठे आहेत, काही बघितलं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावता, लाज वाटत नाही का, इथपर्यंत गेले. शेजारच्या वर्गातला गलका थांबला. सरांनी ऐकून घेतलं. मला बोलून बोलून दम लागला आणि मी बाकावर बसले.

मग सरांनी सांगितलं. तीन महिन्यांपासून रामकिसन रोज संध्याकाळी यांची वही तपासतात, राहिलेल्या नोंदी घालतात, यांना मोंढ्याच्या कोपऱ्यापर्यंत आणून सोडतात आणि हे गल्लीत वळेपर्यंत उभे राहतात. ऑफिसात कुणाला बोलले नाहीत. मला वाटायचं, चिठ्ठीमुळे सगळं सुरळीत चाललंय.

"पर आता जमंना," सर म्हणाले. "परवा त्याला गजाननरावांच्या ड्रावरात बारा पाकिटं घावली. न उघडलेली, बराबर रबर लावून ठेवल्याली. आन् वर तुमची चिठ्ठी. एका बाईच्या सुनावणीची तारीख त्यात गेली, मॅडम. इधवा बाई हाय, दोन वर्षांपासून चकरा मारून राह्यली. रामकिसन सोता तिच्याकडं गेल्ता. पुढची तारीख मिळंल, पर बाई तीन महिने मागं गेली."

मी विचारलं, चिठ्ठीत काय होतं. सरांनी खिशातून ती काढून दिली. रामकिसननी दिली असावी. माझंच अक्षर होतं. चौथी ओळ, ‘महत्त्वाची पाकिटे सुरक्षित ठेवावीत.’ तिच्याखाली यांनी पेन्सिलनं रेघ मारली होती.

ही ओळ मी सांगितलेली नव्हती. पाचव्या सरांनी आपल्या मनानं घातली असणार, ऑफिसचा माणूस म्हणून. आणि मी एसटीत डुलक्या खात, न वाचता उतरवून घेतली. पाकीट आलं की ते पोचवायचं असतं, सत्तावीस वर्षं यांनी दुसरं काही केलं नव्हतं. मी सांगितलं सुरक्षित ठेवा, म्हणून त्यांनी ठेवली. त्यांचा आजार होता हे खरं, पण ती बारा पाकिटं आजारानं अडकली नव्हती, माझ्या चिठ्ठीनं अडकली होती. मला त्या बाईचं नाव विचारायचा धीर झाला नाही.

सर म्हणाले, रजा टाका. महिनाअखेरीच्या आत, कुणी कागदावर काही लिहायच्या आत. सत्तावीस वर्षांत यांनी रजा घेतलीच नव्हती, इतकी साठली होती की उरलेले दहा महिने आरामात निघतील. रामकिसननी हा हिशेबसुद्धा करून ठेवला होता. निरोप समारंभाच्या दिवशी एक तास ऑफिसात आणू, हार नारळ सगळं होईल, असंही त्यांनी सांगून पाठवलं होतं.

मी पाचव्या सरांना रजेचा अर्ज मागितला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नाव, वय, आजार, डॉक्टरांचा कागद कोणत्या तारखेचा, नोकरीची वर्षं, सगळं आपोआप आलं. अर्ज मिनिटात तयार झाला. यावेळी मी तो तीनदा वाचला. चूक एकही नव्हती, आणि त्याचाच मला इतका राग आला की मोबाइल पालथा घालून ठेवला आणि तिसरीच्या वर्गावर गेले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा हे पुढच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आमच्या शेजारच्या चांगुणाबाई सोलायला देऊन जातात, यांचे हात गुंतलेले बरे म्हणून. मी हातपाय धुतले, समोर बसले, चार शेंगा सोलल्या आणि सांगून टाकलं, उद्यापासून ऑफिस नाही, रजा टाकायची. त्यांची बोटं चालूच होती.

"रामकिसननं सांगितलं का?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो माझी वही बघतो. मी बघू देतो."

एवढं बोलून ते पुन्हा शेंगांकडे वळले. मला वाटलं, विसरले. मी उठायला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, चिठ्ठी कोण लिहून देतं तुला. मी म्हटलं, कोण देणार, मीच लिहिते.

"अक्षर तुझं हाय," ते म्हणाले. "बोलणं तुझं न्हाई. ‘कृपया जेवण वेळेवर करावे.’ तीस वर्षं झाली लग्नाला, तू मला कृपया कधी म्हणलीस?"

मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मी दोन्ही थांबवलं नाही. काल काय जेवलो हे ज्याला आठवत नव्हतं त्याला मी कशी बोलते हे आठवत होतं. रोज खिशात चिठ्ठी घेऊन हा माणूस मनात म्हणत असेल, अक्षर हिचं आहे पण ही कुठे गेली. मी रोज सांगून सांगून थकले होते हे खरं. पण ज्याला सांगायचं त्याला सांगायचं सोडून दिलं होतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मी निखिल सरांना म्हटलं, पुढच्या महिन्यापासून माझी वर्गणी धरू नका. त्यांना काय झालं ते कळलं असावं. ते म्हणाले, मॅडम, तुमचं वेगळं खातं काढून देतो, कुणालाच दिसणार नाही. मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, पण वंदना मॅडमना त्या तीन रेघांची गोष्ट कळली. बदलीचा अर्ज त्यांचाच होता. पैसे भरायचा दिवस आला तेव्हा कुणी खिशात हात घातला नाही आणि आम्ही फुकटावर परत आलो. आता पाचवे सर बारा वाजता थकतात. मीही त्याच सुमाराला थकते, त्यामुळे आमचं बरं जमतं.

घरी काही सोपं झालं नाही. रजा लागली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन दारात उभे. सांगितलं, रजा आहे. हो म्हणाले, शर्ट बदलला. तिसऱ्या दिवशी पुन्हा शर्ट, पुन्हा पिशवी, पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर मी तोंडानं सांगत राहिले. मग आठव्या दिवशी, एसटी गाठायची घाई असताना, कणकेच्या हातानं डायरीचं पान फाडलं आणि मनात आलं ते लिहिलं.

‘ऑफिस नाही. काल पण नव्हतं. परवा पण नव्हतं. रोज रोज विचारू नका, माझं डोकं उठतं. पोळ्या डब्यात आहेत, झाकण नीट लावा, मागच्या वेळी मुंग्या झाल्या. गोळी दुपारी एकला, चांगुणाबाई आठवण करतील, त्यांच्याशी वाद घालू नका. मी साडेपाचला येते. कुठे जाऊ नका, मला तुम्हाला शोधायची ताकद नाही.’

त्यांनी पिशवी खाली ठेवली. चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग चिठ्ठीची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"हां," ते म्हणाले. "ही तू."